नव्या शूटर गेममधला शत्रू खरंच हुशार असेल का? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पणजी, म्हापसा, फोंडा, डिचोली, मडगाव इथून हे प्रश्न सतत येतात, आणि एखादा मोठा शूटर, म्हणजे बंदुकीनं लढायचा गेम, जाहीर झाला की त्यांचा ओघ वाढतो. सुरुवातीचे प्रश्न नवख्यांचे आहेत. पुढचे, ट्रेलरवर भुलून पैसे मोजलेल्यांचे. कुठलंही उत्तर सुटं वाचलं तरी समजेल. जिथं अधिक तपशील दुसरीकडे आहे तिथं त्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. शूटरमधला ‘एनिमी एआय’ म्हणजे चॅटजीपीटीसारखंच काही असतं का?

नाही. नाव एक असलं तरी काम वेगळं. शत्रूला आत्ता काय दिसतं आणि ऐकू येतं, त्यातलं किती त्याच्या लक्षात राहतं, त्यावरून तो काय ठरवतो आणि ठरवलेलं त्याचं शरीर कसं पार पाडतं, हे सांभाळणारी, प्रोग्रामरनं हातानं लिहिलेली व्यवस्था म्हणजे एनिमी एआय. ‘दिसणं’ म्हणजे त्याच्या डोळ्यांपासून तुमच्या शरीरावरच्या काही ठरावीक बिंदूंपर्यंत सरळ रेषा टाकायची आणि मध्ये भिंत येते का ते तपासायचं. ‘ऐकणं’ म्हणजे गोळीच्या आवाजाला एक त्रिज्या द्यायची आणि तेवढ्या अंतरात कोण आहे ते बघायचं. चालण्यासाठी त्याच्याकडे ‘नेव्हमेश’ असतो, म्हणजे पाय ठेवता येईल एवढीच जागा दाखवणारा अदृश्य नकाशा.

हे सगळं फार थोड्या वेळात उरकावं लागतं. सेकंदाला ६० फ्रेम हव्या असतील तर एका फ्रेमला १६.७ मिलिसेकंद मिळतात, आणि चित्र, आवाज, भौतिकी, नेटवर्क या सगळ्यांचा वाटा त्यातूनच जातो. म्हणून जवळचा शत्रू सेकंदातून काही वेळाच विचार करतो, लांबचा त्याहूनही कमी.

आणि तो तुमच्याकडून शिकत नाही. ‘मेटल गिअर सॉलिड ५’मध्ये (२०१५) तुम्ही सतत डोक्यात गोळ्या घातल्या की पुढं सैनिक हेल्मेट घालून येतात. ते शिकल्यासारखं वाटतं खरं, पण तो आधीच लिहून ठेवलेला नियम आहे.

२. बिहेवियर ट्री, गोप, एचटीएन ही नावं सारखी ऐकू येतात. यातलं सगळ्यात चांगलं कुठलं?

पद्धतीच्या नावावरून शत्रूचा दर्जा ठरत नाही, तरी फरक समजून घेतलेला बरा. सगळ्यात जुनी पद्धत स्टेट मशीनची: गस्त, शोध, हल्ला, पळ अशा ठरावीक अवस्था, आणि एकीतून दुसरीत कधी जायचं याचे नियम. अवस्था वाढल्या की नियमांचा गुंता हाताबाहेर जातो. ‘हेलो २’नं (२००४) वागणुकीची झाडासारखी उतरंड मांडली आणि तिथून बिहेवियर ट्री उद्योगभर पसरला. ‘फिअर’नं (२००५) गोप वापरलं: शत्रूला फक्त ध्येय द्यायचं, हाताशी असलेल्या क्रियांतून योजना त्यानं स्वतः जुळवायची. ‘किलझोन २’नं (२००९) एचटीएन वापरलं; त्यात मोठ्या कामाचे तुकडे पाडत लहान कामांपर्यंत यायचं असतं.

यांतल्या कुठल्याही पद्धतीनं उत्तम शत्रू बनतो, आणि दगडासारखा उभा राहणाराही बनतो. जाहिरातीत पद्धतीचं नाव दिसलं म्हणून एक रुपयाही जास्त मोजू नका.

३. ‘फिअर’ येऊन वीस वर्षं झाली. तरी अजून त्याच्याच शत्रूंचं कौतुक का चालतं?

कारण त्यात काय घडत होतं हे लोकांना नीट माहीत आहे, आणि ते अजूनही शिकण्यासारखं आहे. त्याचा एआय लिहिणाऱ्या जेफ ऑर्किन यांनी २००६ मध्ये तो उघडपणे समजावून सांगितला. त्या सैनिकांच्या स्टेट मशीनमध्ये जेमतेम तीन अवस्था होत्या: कुठंतरी जा, एखादी हालचाल कर, एखादी वस्तू वापर. कुठं जायचं, केव्हा आणि कशासाठी, हे योजना ठरवायची. ती शोधायला ए-स्टार नावाची शोधपद्धत वापरली होती, जी इतर गेममध्ये रस्ता शोधायला वापरतात.

आता जवळून पाहा. तुम्ही टेबलाआड आहात. समोरच्या सैनिकाची आडोशाची जागा तुमच्या नजरेत आली, म्हणजे ती निकामी झाली. तो जवळची दुसरी सुरक्षित जागा निवडतो. ती खोलीच्या दुसऱ्या दारापाशी असते, म्हणून तो तिकडून वळसा घेतो. तुम्हाला वाटतं, यानं मला घेरायचा बेत आखला. बेत कुणीच आखलेला नसतो. खोल्याच अशा बांधल्या आहेत की सुरक्षित जागेकडे जाणारी वाट तुमच्या बगलेतून जाते.

त्यात बोलण्याची भर. तुकडीतला शेवटचा सैनिक कुमक मागवतो. कुमक आणणारी कसलीही यंत्रणा गेममध्ये नाही. पण पुढच्या खोलीत शत्रू असणारच असतात, आणि तुम्ही मनातल्या मनात दोन्हींची सांगड घालता. एआय, जागेची बांधणी आणि आवाज, तिन्हींवर एकत्र कष्ट घेतले होते, आणि नव्या गेममध्ये बहुतेक वेळा पाणी मुरतं ते इथंच. शत्रूचा कोड चांगला असतो, पण मैदान इतकं मोकळं असतं की त्याला काही करून दाखवायला जागाच नसते.

४. मी भिंतीआड असलो तरी शत्रूला माझी जागा कळते. एआय चीटिंग करतो ना?

काही गेममध्ये करतो. तुमची जागा गेमच्या मेमरीत असतेच. प्रश्न एवढाच की शत्रूला ती कितपत वाचू दिली आहे. चांगल्या गेममध्ये प्रत्येक शत्रू ‘शेवटचं कुठं पाहिलं’ एवढंच लक्षात ठेवतो आणि तुम्ही सटकलात तर रिकाम्या जागेवर गोळ्या घालतो. हे कसं पकडायचं ते प्रश्न १२ मध्ये आहे. ऑनलाइन खेळताना हीच तक्रार असेल तर आधी प्रश्न १५ वाचा, कारण तिथं दोष बहुधा एआयचा नसतो.

आता दुसरी बाजू. बहुतेक शूटर तुमच्या बाजूनंच जास्त चीटिंग करतात. संगणकाला अचूक नेम ही सगळ्यात सोपी गोष्ट, तरी पहिल्या गोळ्या मुद्दाम चुकवल्या जातात, पाहिल्यापासून गोळी झाडेपर्यंत मुद्दाम उशीर ठेवला जातो. मूळ ‘बायोशॉक’मध्ये शेवटचा जीव जाणार असेल तेव्हा सेकंद-दोन सेकंद तुम्हाला काहीच इजा होत नाही, म्हणजे ‘थोडक्यात वाचलो’ असं वाटावं. ‘हाफ-लाइफ’च्या (१९९८) सैनिकांत एका तुकडीतल्या दोघांनाच एका वेळी गोळीबाराची जागा मिळते, बाकीचे हालचाल करतात किंवा आडोसा शोधतात. २०१६ च्या ‘डूम’मध्येही टोकन, म्हणजे हल्ल्याची परवानगी, वाटून एका वेळी किती राक्षस हल्ला करणार ते ठरतं. हे सगळं काढून टाकलं तर शत्रू हुशार वाटणार नाही. दार उघडताच तुम्ही मराल, एवढंच.

५. ‘हार्ड’ निवडलं की शत्रू जास्त हुशार होतो का?

बहुतेक गेममध्ये नाही. शत्रूचा जीव, त्याच्या गोळीची ताकद, नेम आणि प्रतिक्रियेचा वेळ एवढेच आकडे बदलतात. काही थोड्या गेममध्ये हातबॉम्ब, वळसा किंवा एकाच वेळी हल्ला करणाऱ्यांची संख्याही बदलते. तिथंच ‘हार्ड’ला अर्थ असतो.

मात्र एक गोष्ट लक्षात ठेवा. पहिला ‘हेलो’ (२००१) बनवताना बंजीच्या लोकांना चाचण्यांत दिसलं की एआयला हात न लावता नुसता शत्रूचा जीव वाढवला, तरी खेळणारे त्याला जास्त हुशार म्हणू लागले. कारण सोपं आहे: जो दोन सेकंदांत मरतो त्याला डोकं दाखवायला वेळच मिळत नाही. म्हणून ‘ईझी’वर खेळून ‘एआय मूर्ख आहे’ असा निकाल देऊ नका. परीक्षा नेहमी मधल्या पातळीवर घ्या.

६. ट्रेलरमध्ये शत्रू भन्नाट वागताना दिसतात. त्यावर किती विश्वास ठेवावा?

फार थोडा. २००५ मध्ये ई३ प्रदर्शनात दाखवलेला ‘किलझोन’चा ट्रेलर आधी रेंडर करून ठेवलेला होता, खेळातला नव्हता. आता ‘खेळाचं चित्रण’ असं लिहिलेलं असलं तरी तो बहुधा एकाच जागेचा, महिनोन्‌महिने घासूनपुसून तयार केलेला तुकडा असतो, आणि खेळणाऱ्याला शत्रू कुठून येणार ते पाठ असतं.

ट्रेलर पाहताना आवाज बंद करा, वेग अर्धा करा आणि एकाच शत्रूकडे बघत राहा. तो मरेपर्यंत किती सेकंद जगला? पाचाच्या आत मरत असतील तर एआयबद्दल काहीच कळणार नाही. एका वेळी कितीजण गोळ्या झाडतात ते मोजा. वळसा घेणारा शत्रू अगदी कॅमेऱ्यासमोरून, प्रकाशातूनच जातो का? तसं असेल तर ती हालचाल बसवलेली असण्याची शक्यता मोठी. खेळणारा पळतो, लपतो, रीलोड करताना अडकतो तेव्हा शत्रू काय करतात हे सगळ्यात बोलकं, आणि ट्रेलरमधून नेमकं तेच कापलेलं असतं. म्हणून दहा-पंधरा मिनिटांचं न कापलेलं चित्रण येईपर्यंत थांबा.

७. एका अक्षराच्या चुकीमुळं एका गेमचा एआय वाया गेला होता, ही अफवा ना?

अफवा नाही. ‘एलियन्स: कलोनियल मरीन्स’ २०१३ मध्ये आला तेव्हा त्यातल्या परग्रही प्राण्यांची फार टिंगल झाली, ते सरळ अंगावर धावत यायचे किंवा घुटमळत राहायचे. त्याच्या एका सेटिंग फाइलमध्ये ‘टेदर’ या शब्दात एक ‘ए’ जास्त पडला होता. प्राण्याला मोक्याच्या जागांशी जोडणारी आज्ञा त्या नावावर अवलंबून होती. नाव जुळलं नाही, जोडणी झाली नाही, आणि गेमनं चूक दाखवलीही नाही. २०१८ मध्ये ही गोष्ट गाजली. साध्या नोटपॅडमध्ये ते अक्षर काढलं की प्राणी आडमार्गानं येऊ लागतात, बाजूनं हल्ला करतात.

त्यानं गेम उत्तम होत नाही, कारण त्याच्या बाकीच्या अडचणी वेगळ्या आहेत. पण प्रदर्शनाच्या दिवशी दिसणारा एआय आणि लिहिलेला एआय या दोन वेगळ्या गोष्टी असू शकतात, हे यातून कळतं.

८. ‘एआय डायरेक्टर’ म्हणजे काय? तोच शत्रू चालवतो का?

नाही. तो शत्रूंच्या वर बसून खेळाचा ताण सांभाळतो. आपल्याकडे जत्रेतल्या मराठी नाटकात विंगेत बसलेल्या प्रॉम्प्टरसमोर अख्खी संहिता असते. तो नटाला एखादा शब्द पुरवतो, पण स्वतः रंगमंचावर येत नाही. ‘एलियन: आयसोलेशन’मध्ये (२०१४) नेमकं तसंच आहे. डायरेक्टरला तुमची जागा कायम माहीत असते, प्राण्याला नसते. डायरेक्टर त्याला साधारण कुठल्या भागात जायचं एवढंच सुचवतो, पुढचं शोधणं प्राण्याच्या डोळ्यांवर आणि कानांवर. तुमच्यावरचा ताण खूप वेळ टिकला तर डायरेक्टर त्याला लांब पाठवतो. ‘लेफ्ट फोर डेड’मध्ये (२००८) ताण वाढवणं, कळस आणि उसंत अशी चक्रं आहेत.

येणाऱ्या गेमच्या जाहिरातीत ‘डायरेक्टर’ हा शब्द दिसला तर त्याचा अर्थ शत्रू कधी आणि किती येतील याची काळजी घेतली आहे, इतकाच. समोर आलेला शत्रू कसा लढेल हे त्यातून कळत नाही.

९. ‘स्टॉकर २’च्या एआयचं नेमकं काय बिनसलं होतं?

मूळ ‘स्टॉकर’मध्ये (२००७) ए-लाइफ नावाची व्यवस्था होती: तुमच्या जवळचे प्राणी आणि माणसं पूर्ण तपशिलानं चालायची, लांबचे फक्त आकड्यांत, पण दोघांचंही आयुष्य सुरू असायचं. म्हणून ‘ए-लाइफ २’ या शब्दावर लोकांनी मोठी आशा ठेवली. गेम २० नोव्हेंबर २०२४ ला आला आणि लोकांना दिसलं की शत्रू पाठीमागे अचानक उगवतात, आणि लांबवर जग ओसाड असतं. बनवणाऱ्यांनीच नंतर सांगितलं की मेमरी आणि वेग सांभाळण्यासाठी खेळणाऱ्याभोवतीचं, ज्यात पात्रं जिवंत ठेवता येतात ते क्षेत्र छोटं करावं लागलं होतं. डिसेंबरच्या मोठ्या पॅचपासून, म्हणजे दुरुस्तीच्या अपडेटपासून, त्यात सुधारणा सुरू झाली.

खुल्या जगाच्या प्रत्येक शूटरला हाच पेच पडतो. लढाईचा एआय आणि जगाचा एआय ही दोन वेगळी बजेटं आहेत, आणि शेवटच्या महिन्यात मेमरी कमी पडली की पहिली कुऱ्हाड जगाच्या एआयवर पडते, कारण ट्रेलरमध्ये त्याची उणीव दिसत नाही. खुल्या जगाचा गेम घ्यायचा असेल तर पहिल्या दिवशी घेऊ नका, असं आमचं ठाम मत आहे.

१०. मशीन लर्निंग एवढं पुढं गेलं आहे, मग शिकलेला शत्रू गेममध्ये का देत नाहीत?

जिंकणारा शत्रू बनवता येतो हे सिद्ध झालेलं आहे. गूगलच्या डीपमाइंडनं २०१९ मध्ये ‘क्वेक ३’च्या झेंडा पळवण्याच्या खेळात शिकलेले खेळाडू उतरवले, एकेकाचं शिक्षण सुमारे ४,५०,००० सामन्यांचं होतं, आणि त्यांची प्रतिक्रिया माणसाइतकी संथ केली तरी ते माणसांना हरवत राहिले.

पण शूटरच्या मोहिमेतल्या, म्हणजे एकट्यानं खेळायच्या कथेतल्या, शत्रूचं काम जिंकणं नाही. त्यानं मजा आणून हरायचं असतं. बनवणाऱ्याला वाटलं की हा दारातून जरा उशिरा यावा, तर हातानं लिहिलेल्या एआयमध्ये एक आकडा बदलून भागतं. शिकलेल्या एआयला पुन्हा शिकवावं लागतं. बंदुकीची ताकद बदलली, जिना हलवला, की पुन्हा तेच. आणि तो विचित्र वागला तर का, हे कोणी सांगू शकत नाही.

जिथं ‘बरोबर’ काय ते मोजता येतं तिथं मात्र याचा उपयोग होतो. ‘आर्क रेडर्स’मध्ये (ऑक्टोबर २०२५) यंत्रशत्रूंची चाल शिकवून घेतली आहे; खडबडीत जमिनीवर तोल सांभाळणं, झेप घेणं. येत्या काही वर्षांत खरी प्रगती इथं, पायांत दिसेल. निर्णय बराच काळ हातानंच लिहिले जातील.

११. पुढं शत्रू आपल्याशी बोलणार, आपलं बोलणं ऐकून डाव बदलणार, असं म्हणतात. खरं का?

सोबत्यांच्या बाबतीत सुरुवात झाली आहे. पबजीवाल्या क्राफ्टन कंपनीनं जानेवारी २०२५ मध्ये एन्व्हिडियाच्या एसीई या बोलक्या पात्रांच्या तंत्रावरचा ‘पबजी अॅलाय’ हा बोलणारा साथीदार जाहीर केला. तो साथीदार आहे, शत्रू नव्हे, आणि हा फरक महत्त्वाचा. साथीदारानं उत्तर द्यायला सेकंदभर घेतला तर चालतं. शत्रूला एवढा वेळ घेऊन चालत नाही. तेवढ्यात तो मेलेला असतो. भाषेचं मॉडेल तुमच्याच ग्राफिक्स कार्डवर चालवायचं तर चित्रासाठीची मेमरी त्याला द्यावी लागते, आणि सर्व्हरवर चालवायचं तर रोजचा खर्च आणि नेटवर अवलंबून राहणं आलं.

शत्रूंची ओरड अधिक वेगवेगळी आणि प्रसंगाला धरून होईल, हे शक्य वाटतं. डाव आखणं भाषेच्या मॉडेलकडे जाईल, ही तूर्त बोलाचीच कढी.

१२. घेतलेल्या गेमचा एआय लवकर तपासायचा असेल तर काय काय करून पाहावं?

पहिली खुली लढाई लागली की मधल्या पातळीवर हे करा. अर्धा तास पुरतो.

स्वतःला दाखवा, आडोशाला जा आणि वाकून, आवाज न करता दुसऱ्या बाजूनं बाहेर या. शत्रू जुन्याच जागेवर नेम धरून असतील तर उत्तम; न पाहता सगळ्यांच्या बंदुका तुमच्यासोबत फिरत असतील तर त्यांना तुमची जागा पुरवली जाते आहे.

मग आडोशामागे ३० सेकंद काहीच करू नका. चांगला शत्रू बॉम्ब टाकतो, पुढं सरकतो किंवा बाजू बदलतो. डोकं वर-खाली करत तिथंच बसून राहणं ही सगळ्यात नेहमीची खूण, आणि सगळ्यात वाईट.

एखाद्या पेटीवर किंवा कठड्यावर चढा, जिथं नेव्हमेश पोचत नसावा. आता बंदूक नसलेले शत्रू काय करतात? खाली गोळा होऊन चुळबुळत असतील तर ती जागा कोणी तपासलेली नाही. लांब पळून आडोसा घेत असतील तर कोणीतरी या प्रसंगाचा विचार केला आहे.

एका शत्रूला त्याच्या साथीदाराच्या नजरेसमोर मारा. साथीदार दचकतो, ओरडतो, जागा बदलतो की गस्त चालूच ठेवतो?

शेवटी चेकपॉइंट पुन्हा लोड करून तीच लढाई तीनदा खेळा, दर वेळी वेगळ्या दारातून. तिन्ही वेळा तोच शत्रू त्याच क्षणी त्याच खिडकीत आला तर तो पटकथेनुसार चालतो. पहिल्या दहा मिनिटांची शिकवणीची पातळी मात्र यात धरू नका. ती जवळजवळ सगळीकडे बसवलेलीच असते.

१३. प्री-ऑर्डर करावी का? आवडला नाही तर पैसे परत मिळतात का?

एआयसाठी घेत असाल तर करू नका. प्री-ऑर्डरवर मिळतात ते बंदुकीचे रंग. त्यासाठी घाई करण्यात अर्थ नाही.

स्टीमवर खरेदीपासून १४ दिवसांच्या आत आणि दोन तासांपेक्षा कमी खेळलं असेल तर पैसे परत मिळतात. प्री-ऑर्डरला १४ दिवस गेम आल्यापासून मोजतात, पण आधी मिळालेल्या प्रवेशात खेळलेला वेळ दोन तासांत धरला जातो. दोन तासांचं घड्याळ गेम सुरू केल्यापासून चालतं: मेनू, कथेची दृश्यं, शेडर (चित्र रंगवणारे छोटे प्रोग्राम) तयार होण्याची वाट, सगळं त्यात आलं. म्हणून पहिल्यांदा सुरू करताना हाताशी वेळ ठेवा, दृश्यं टाळता येत असतील तर टाळा आणि थेट प्रश्न १२ मधल्या चाचण्यांकडे वळा. प्लेस्टेशन स्टोअरवर डाउनलोड सुरू केलं की साधारणपणे हा हक्क जातो, तिथं हा मार्ग नाही. दुकानातून आणलेल्या डिस्कचं सील फोडण्याआधी परतीचं काय ते विचारून घ्या.

डाउनलोडचा हिशेबही करा. १०० जीबीचा गेम ५० एमबीपीएसवर साडेचार तासांच्या आसपास घेतो, तोही वेग सतत मिळाला तर.

१४. बीजीएमआयमध्ये मला सहज मरणारे खेळाडू मिळतात. ते बॉट का? मोबाइलचे सगळे शत्रू असेच असणार का?

सुरुवातीच्या सामन्यांत बरेच बॉट, म्हणजे संगणकानं चालवलेले खेळाडू, असतात. सामना लवकर भरावा आणि नवख्यानं पहिल्याच दिवशी हिरमुसून गेम काढू नये, म्हणून ते ठेवलेले असतात. ‘फोर्टनाइट’नंही २०१९ मध्ये याच कारणानं बॉट आणले. ओळखायची खूण: मोकळ्या मैदानातून सरळ रेषेत धावणं, थांबून थांबून गोळ्या झाडणं, गोळी लागल्यावर आडोसा न घेणं. ते मुद्दाम कच्चे ठेवलेले आहेत. त्यांच्यावरून पीसी किंवा कन्सोलच्या मोहिमेतल्या शत्रूचा अंदाज बांधू नका.

१५. पावसाळ्यात आमच्याकडे सत्तरीत ऑनलाइन को-ऑप (मित्रांसोबत एका बाजूनं) खेळताना मी भिंतीआड गेल्यावरही गोळी लागते. हा एआयचा दोष का?

बहुधा नेटचा. अशा गेममध्ये शत्रूचा एआय सर्व्हरवर चालतो आणि तुम्हाला स्क्रीनवर दिसतो तो त्याचा थोडा आधीचा क्षण. तुम्ही भिंतीआड गेलात ही बातमी सर्व्हरला उशिरा पोचते. त्याच्या लेखी तुम्ही अजून उघड्यावर असता आणि शत्रू नियमानुसारच गोळी झाडतो. पिंग, म्हणजे सर्व्हरपर्यंत जाऊन यायला लागणारा वेळ, स्थिर असेल तर हा फरक जाणवत नाही. पावसात वायरवर फांद्या पडतात, वीज जाते-येते, पॅकेट (नेटवरून जाणारे माहितीचे तुकडे) गळतात, आणि तेव्हा हाच फरक अंगावर येतो.

दुधाचं दूध, पाण्याचं पाणी करायचं असेल तर गेमच्या सेटिंगमधून नेटवर्कचा आलेख स्क्रीनवर लावा आणि गोळी लागली त्या क्षणी पिंग उसळलं का, पॅकेट गळाले का ते बघा. सर्व्हर निवडता येत असेल तर मुंबई निवडा. सिंगापूरवर टाकलं गेलं की उशीर वाढलाच. वायफाय सोडून केबल लावा. मग तोच गेम ऑफलाइन किंवा एकट्यानं खेळून पाहा. तिथंही भिंतीतून गोळी लागली तर दोष गेमचाच. वीज गेल्यावर फक्त नेट तगवायचं असेल तर राउटर आणि फायबरचा डबा यांच्या अडॅप्टरवरचे व्होल्ट आणि अँपिअर वाचून तेवढ्याचा मिनी यूपीएस घ्या. बहुतेक १२ व्होल्टचे असतात, पण न वाचता घेऊ नका.

१६. माझा पीसी जुना आहे. ग्राफिक्स ‘लो’ केलं तर शत्रू मठ्ठ होतो का?

साधारणपणे नाही. ग्राफिक्सची सेटिंग चित्रापुरती असते. ‘गर्दीची घनता’ अशी सेटिंग असेल तर माणसांची संख्या बदलते, डोकं नाही. अडचण येते ती प्रोसेसर कमी पडला की: फ्रेम अडखळतात, शत्रू जागच्या जागी सरकल्यासारखे दिसतात. लॅपटॉप चार्जरवर ठेवा. एप्रिल-मेच्या उकाड्यात प्रोसेसर तापून स्वतःचा वेग कमी करतो, म्हणून पंख्याच्या जाळीतली धूळ आधी काढा.

१७. मग येणाऱ्या गेमपैकी एआयसाठी कशाची वाट बघावी?

आमचं लक्ष ‘हेलो: कॅम्पेन इव्हॉल्व्हड’वर आहे. पहिल्या ‘हेलो’च्या मोहिमेची ही नवी बांधणी २०२६ साठी जाहीर झाली. मूळ गेममध्ये एलीट, म्हणजे परग्रही शत्रूंचा म्होरक्या, मेला की त्याच्या हाताखालचे ग्रंट, म्हणजे साधे सैनिक, सैरावैरा पळतात. एका नजरेत कळणारी, खेळणाऱ्याला पुढचा डाव सुचवणारी वागणूक. शत्रूचा एआय असाच असावा. नव्या बांधणीत खेळणाऱ्याला वेगानं धावता येतं, आणि आमची शंका तिथंच आहे. मूळ शत्रूंचं अंतर, प्रतिक्रियेचा वेळ, बॉम्बचा पल्ला हे सगळं संथ चालीला धरून बेतलेलं होतं. ते पुन्हा मोजलं नसेल तर तेच शत्रू बावळट दिसतील. न कापलेलं चित्रण आलं की धावणारा खेळाडू दोन आडोशांमधून जाताना एलीट किती वेळात वळतो ते बघा.

‘गिअर्स ऑफ वॉर: ई-डे’ही २०२६ साठीच जाहीर झाला. आडोशाच्या शूटरमध्ये पाहायचं एकच: शत्रू तुम्हाला आडोशातून उठवतो की तुमच्यासारखाच आडोशात बसतो.

१८. पॅचमध्ये ‘एनिमी एआय सुधारला’ एवढंच लिहितात. खरंच काही बदललं हे कसं ओळखावं?

पॅच येण्याआधीच तयारी करा. एका चांगल्या लढाईच्या तोंडाशी वेगळं सेव्ह ठेवा आणि तीच लढाई तीनदा खेळून स्क्रीनचं चित्रण करा. स्टीमवर अपडेट आपोआप येतं, म्हणून त्या गेमच्या गुणधर्मांत जाऊन अपडेट फक्त गेम सुरू करताना व्हावं असं ठेवा. नाहीतर तुलना करायला जुना एआय उरतच नाही. पॅचनंतर तेच सेव्ह, तीच पातळी, तीच बंदूक. दोन्ही चित्रणं शेजारी लावून तीन गोष्टी मोजा: पाहिल्यापासून पहिली गोळी किती वेळात आली, शत्रूनं जागा किती वेळा बदलली, आणि एका वेळी कितीजण झाडत होते. नुसता पहिला आकडा कमी झाला असेल तर शत्रू फक्त कडक केला आहे. दुसरा वाढला असेल तर एआयवर काम झालं आहे. काही गेममध्ये जुन्या सेव्हमधले शत्रू जुन्याच अवस्थेत अडकून राहतात, त्यामुळं फरक दिसला नाही तर तो भाग नव्यानं सुरू करून एकदा पाहा.